अवसेची हजेरी

आमच्या मामंजींइतका नव्या वर्षावर विश्वास ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पंचांग लिहिणाऱ्याचाही एवढा नसेल. तुम्हीआम्ही पाडव्याला गुढी उभारतो, कडुलिंबाचा पाला तोंड वाकडं करून चावतो, पुरणपोळी खाऊन दुपारी आडवे होतो, आणि नवं वर्ष आपलं आपण सुरू होतं. मामंजींच्या घरात ते असं आपोआप सुरू होत नसे. ते हुकमानं सुरू व्हायचं, आणि मग वर्षभर दर महिन्याला त्याची झडती घेतली जायची. वर्ष नीट चाललंय की वाटेत कुठं विडी ओढत बसलंय, हे तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पहिल्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले आणि पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. आवाज असा, की त्यांनी आमच्या अंगणात ‘पाणी आण’ म्हटलं तर शेजारच्या आळीतल्या दोनचार बायका कळशी घेऊन उठायच्या. मी लग्न होऊन कृष्णाकाठच्या त्या घरात आले तेव्हा दुसरी लढाई ऐन भरात होती. माझे यजमान पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धाकटे भाऊजी आणि मी, अशी चारच माणसं. मामंजींना विचारलंत तर ते पाच म्हणाले असते, कारण म्हैसही त्यांच्या हजेरीत होती.

पाडव्याला गुढीची पूजा झाली की ते आम्हाला अंगणात उंचीप्रमाणे उभं करत आणि प्रत्येकाला वर्षाची कामगिरी सांगत. भाऊजींची कामगिरी कोंबडं आरवायच्या आत उठण्याची. आत्याबाईंची, शेजारणीशी महिन्यातून एकदाच भांडण्याची. म्हशीनं या खेपेला रेडी द्यायची. ब्रह्मदेशातल्या मुलानं महिन्याला दोन पत्रं धाडायची, मग तिथं लढाई असो नाहीतर पाऊस असो. सोप्याच्या भिंतीवर गेरूनं उभे रकाने आखलेले असत. मामंजी फौजेत लिहायला शिकले ते इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला. ते घरात कुणालाच वाचता येईना. म्हणून त्यांनी रकान्यांवर चित्रं काढली होती. भाऊजींच्या डोक्यावर सूर्य, म्हशीवर चरवी, माझ्यावर पाटी आणि आत्याबाईंच्या रकान्यावर उघडं तोंड. आत्याबाई ते तोंड दर आठवड्याला पोतेऱ्यानं पुसून टाकत आणि मामंजी ते पहिल्यापेक्षा मोठं काढत.

तपासणीचा दिवस अवसेचा. आमच्याकडं अमावस्येला बैल जुंपत नाहीत. औत नाही, गाडी नाही, बैल गोठ्यात रवंथ करत बसलेले. गावातली माणसं त्या दिवशी पारावर गप्पा ठोकत. आमच्या घरी मात्र सकाळी सकाळी मामंजी खाकी कोट चढवून, बिल्ले लावून, धोतराखाली फौजेतले खिळ्यांचे बूट घालून अंगणात येत. हातात वेताची छडी. मग एकेकापुढं थांबून गर्जना, “रिपोट?”

या रिपोटांसाठी कुणीही चार कोस चालत यावं, अशी मजा असे. भाऊजींनी तिसऱ्याच महिन्यात पाहुण्यांचं निमित्त करून कोंबडंच कापायला लावलं होतं, आणि आता आरवायलाच कुणी नाही तर उशीर कशावरून ठरवता, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. आत्याबाई डोक्यावरचा पदर सावरून सांगत, “चार झाली. पन तीन तिनं काढली.”

“कुटं झाली? आपल्या हद्दीत का तिच्या?”

“मदी. बोळात.”

“मग तो बचाव झाला. धरायचा न्हाई. पास!”

म्हशीला त्या साली रेडा झाला. मामंजींनी गोठ्यात जाऊन तिच्यासमोर उभं राहून ‘फेल’ असा निकाल तिच्या तोंडावर सांगितला, आणि मग तिला वाईट वाटलं असेल म्हणून मूठभर सरकी जास्त घातली. फेल होणाऱ्याला शिक्षा असे, तिला ते फौजेतल्या शब्दात ‘फटीक’ म्हणत. म्हणजे नदीवरून वीस घागरी पाणी आणायचं. आत्याबाईंना फटीक द्यायची हिंमत खुद्द मामंजींचीही नव्हती, त्यामुळं त्यांची फटीकही भाऊजीच भरत. ब्रह्मदेशाचं पत्र आलेलं असलं, मग त्यात सेन्सॉरनं निम्म्या ओळींना काळं फासलेलं का असेना, मामंजींनी तोंड उघडायच्या आत आत्याबाई “पास! पास!” म्हणून ओरडायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. मीही मनातल्या मनात तेच ओरडत असे.

सगळ्यात शेवटी मामंजी स्वतः रांगेच्या टोकाला जाऊन ताठ उभे राहत. नियम सगळ्यांना सारखा. त्यांची तपासणी आत्याबाईंनी करायची. त्यांची कामगिरी होती, ओरडून बोलायचं नाही.

“फेल,” आत्याबाई म्हणत.

“का?” मामंजी असे गरजत, की बोळापलीकडं शेजारणीच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज येई.

“ह्येच्यासाटी,” आत्याबाई म्हणत आणि भाकरी थापायला निघून जात.

घराच्याही कामगिऱ्या असत. एका साली त्यांनी परसात फौजेसारखा चर खणून, तट्ट्याचा आडोसा करून संडास बांधला. सबंध गाव तो बघायला येऊन गेलं. वापरायला कुणी आलं नाही. आम्हीही लोटा घेऊन ओढ्याकडंच जात होतो. बारा अवसांना त्या रकान्यात एकच रेघ पडत राहिली, ती त्यांची स्वतःची. पण त्यांचा धीर काही सुटला नाही. “येकापास्नंच पलटन हुती,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पाडव्याला तट्ट्या नवा बांधला.

आता माझ्या पाटीकडं येते. माहेरी वडूजला मी सहावीपर्यंत शिकले होते. सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा राहिली आणि लग्न झालं. फायनल पास झालेली बाई तेव्हा शाळेत मास्तरीण होऊ शकत असे, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. अगदी लहानपणापासून, दुसरं काहीही नको इतकं व्हायचं होतं. सासरी आल्यावर ते मी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकल्यासारखं करून गप्प बसले होते. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मामंजी माझ्यापुढं येऊन थांबले आणि म्हणाले, “सूनबाई, तुजी कामगिरी. फायनल पास!”

पूजा झालेली असूनही मी गुढीला पुन्हा एकदा कुंकू लावलं. आत्याबाई मात्र उसळल्या. “आवं, सून आनलीया का मास्तर? भावकी दात काडायला टपलीया.”

“बसऱ्याला मला ताप चडला हुता,” मामंजी म्हणाले, “तवा एका नर्सबाईनं चौदा दिस उशाला बसून वाचिवला. ती शिकली नसती तर मी आलो असतो का माघारी?”

यावर आत्याबाईंनी जो निकाल दिला तो मामंजींच्या सगळ्या निकालांपेक्षा पक्का होता. “येक साल देते. पास झाली तर हुंदे मास्तरीण, म्या न्हाई म्हननार न्हाई. न्हाई झाली तर पुस्तकं माळ्यावं, आन परत नाव काडायचं न्हाई. सांगून ठिवते.”

एक वर्ष! मी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली की नुसता पाट चाटला, मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला बसले की मामंजी दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला. कुणी बाई विरजण मागायला आली तरी तिला पायरीवरच अडवत. “सूनबाई कामगिरीवं हाय. विरजान दुपारी.” माझी पावकी-निमकी ऐकता ऐकता त्यांचीच पाठ झाली, आणि गोठ्यात धार काढताना ते ती म्हशीला म्हणून दाखवत. गावातले म्हातारे मास्तर मला गणितं घालून देत. गणित माझं कच्चं. बाकीच्या विषयांची मला धास्ती नव्हती, पण व्याजाची आणि काळ-काम-वेगाची गणितं मला वेळ खात. वेळ मिळाला तर सुटायची. घाई झाली की हातातून जायची. दर अवसेला मी रिपोट दिला, “अजून दहा गणितं चुकतात,” “सात चुकतात,” “तीन चुकतात.” आणि पाटीखाली गेरूच्या रेघा वाढत गेल्या. माघात तर आत्याबाईसुद्धा जाता जाता त्या मोजत असत, फक्त कुणी बघत नाही असं पाहून.

मग परीक्षेचं वेळापत्रक आलं. खात्याला आपल्या तिथीशी काय देणंघेणं! पहिलाच पेपर गणिताचा, इस्लामपूरला, सकाळी अकरा वाजता, आणि दिवस कुठला, तर फाल्गुनातली अवस. दुसऱ्या दिवशी पाडवा. म्हणजे बैल जुंपायचे नाहीत. आणि ही अवस साधी नव्हती, वर्षाची शेवटची होती. सगळ्यांच्या बारा महिन्यांचा निकाल त्या दिवशी लागायचा.

भाऊजी म्हणाले, “आदल्या दिशी गाडीनं जाऊ की. पाव्हन्यांच्यात ऱ्हाऊ.”

“फौज काय आदल्या दिशी जाऊन पाव्हन्याच्यात झोपती व्हय रं?” मामंजी म्हणाले. “चार कोस. तीन तास. सा वाजता तपासनी, सातला कूच, धाला हजर. येक तास हातात!”

हिशेबात चूक नव्हती. त्या सकाळी सहाला आम्ही अंगणात उभे होतो, मी हातात टाक आणि दौत घेऊन. पण वर्षाचा निकाल म्हणजे काय, हे मामंजींना ठाऊक होतं तसं बाकीच्यांनाही होतं. भाऊजींनी कोंबड्याचा दावा पुन्हा उकरून काढला. त्यावर चर्चा झाली. आत्याबाईंनी वर्षभराची भांडणं पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि त्यांचा आवाज ऐकून शेजारीण स्वतःची बाजू मांडायला बोळातून आत आली. मामंजींना तर हा दिवस बारा महिन्यांतून एकदाच मिळायचा. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की घड्याळाची आठवण करून द्यायला माझी जीभ उचलेना. म्हशीचा निकाल सांगून ते गोठ्यातून बाहेर आले तेव्हा सव्वाआठ झाले होते.

“हरकत न्हाई,” ते म्हणाले. “कदम जरा लांब टाकायचा!”

आणि आमची पलटण निघाली. पुढं मामंजी, बुटांचे खिळे दगडांवर वाजवत. त्यांच्यामागं मी. माझ्यामागं भाकरीचं गठुडं घेऊन आत्याबाई, कारण अवसेच्या दिवशी सुनेला एकटी गावाबाहेर पाठवायला त्यांचा जीव होत नव्हता. शेवटी भाऊजी, पाण्याची चरवी घेऊन. वाटेत गुऱ्हाळं चालली होती, काकवीचा वास सुटला होता. बांधावरून लोक हाका मारत होते, “आवं सुभेदार, पलटन कुनावं निगाली?”

“गनितावं!” मामंजी ओरडले, आणि उसातली माणसं कोयते टाकून हसायला लागली. मलाही हसू आलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. वाटलं, अशीच चालत थेट शाळेत जाऊन मास्तरणीच्या खुर्चीतच बसावं!

पन्नास मिनिटं झाली आणि मामंजी एकदम थांबले. “हॉल्ट! धा मिन्टं.”

फौजेत तासाला दहा मिनिटं विसावा घेतात म्हणे. मी हळूच म्हटलं, “मामंजी, मी दमले नाही.”

“दमल्याव बसायचं नसतं, दमायच्या आदी बसायचं असतं. पाय गेला तर पेपर कोन लिवनार? बस.”

बसले. सुनेनं सासऱ्यापुढं याहून जास्त काय बोलायचं? दुसऱ्या तासालाही बसलो. तिसऱ्या वेळी इस्लामपूरची झाडं दिसायला लागली होती आणि मामंजी बाभळीखाली टेकले, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्याबाईंनी ते पाहिलं. गठुडं खाली आपटून त्या नवऱ्यावर अशा ओरडल्या, की शेजारणीच्याही वाट्याला तसा आवाज कधी आला नसेल. “आवं, घड्याळ बगा! पोरगी रडाय लागली!”

मामंजींनी खिशातून घड्याळ काढलं. अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती. दुसऱ्याच क्षणाला ते उठले आणि ओरडले, “डबल!”

आम्ही पळालो. आत्याबाई कासोटा खोचून, भाऊजी चरवीतलं पाणी सांडत, मी दौतीवर हात ठेवून, आणि सगळ्यांपुढं पंचावन्न वर्षांचे मामंजी, बिल्ले छातीवर वाजवत. इस्लामपूरच्या बाजारातली माणसं बाजूला होत होती. शाळेच्या दारात पोचलो तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि एक तरुण मास्तर दार अडवून उभा होता.

मामंजींनी टाचा जुळवून त्या पोरसवदा मास्तराला कडक सलाम ठोकला. “सायेब, कसूर माजा हाय. पोरगी पाटंपास्नं तयार हुती. मीच वाटंत बसिवली. सजा मला द्या, तिला आत घ्या.” हे सगळं ते हळू आवाजात बोलले. इतक्या हळू, की मागं उभ्या असलेल्या आत्याबाईंनी मला विचारलं, काय म्हणत होते म्हणून.

मास्तरानं त्यांच्याकडं पाहिलं, बिल्ल्यांकडं पाहिलं, आणि बाजूला होऊन मला आत जाऊ दिलं. पेपरात नऊ गणितं होती. सहा झाली. उरलेली तीन मला येत होती. सातव्याची मांडणी करत होते तेवढ्यात घंटा झाली आणि कागद गेला.

बाहेर आले तर मामंजी उन्हात तसेच उभे. आत्याबाई म्हणाल्या, सावलीला चला म्हटलं तर येत नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी ‘रिपोट’ म्हटलं नाही. माझ्या हातातली दौत घेतली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, “चल, भाकरी खा.”

पुढचे सगळे पेपर पाडव्यानंतर झाले. त्यांना मी बैलगाडीनं, वेळेच्या दोन दोन तास आधी पोचले. वैशाखात निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात चार गुणांनी नापास. भाऊजींनी तो इस्लामपूरहून आणला आणि अंगणात पाऊल टाकायच्या आधीच त्यांचा चेहरा सांगून गेला. मी पुस्तकं गोळा केली आणि माळ्यावर ठेवली. कबूल केलेलं वर्ष संपलं होतं. आत्याबाईंनी मला टोचून बोलायचं सोडून माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या, आणि त्यामुळं मला जास्तच रडू आलं.

दोनच दिवसांनी अवस होती. रांगेत मी खाली मान घालून उभी. मामंजी माझ्यापुढं न थांबता सरळ भिंतीपाशी गेले आणि गेरूची फुली त्यांनी स्वतःच्या रकान्यात मारली. मग कोट काढला, घागर उचलली आणि नदीची वाट धरली. वीस घागरी! गाव बघत होतं, भावकी पारावरून बघत होती. भाऊजी घागर घ्यायला पुढं झाले तर त्यांना हातानंच मागं सारलं. सहाव्या घागरीला त्यांचा पाय लटपटला तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातून पुढं आल्या.

“पुरं झालं,” त्या म्हणाल्या. “फेल कोन झालं?”

“मी.”

“मंग तिची परीक्षा कुटं झाली? ती तर तुमची झाली.” आणि माझ्याकडं वळून, “तुजं साल अजून लागलंच न्हाई. हितं उभी काय ऱ्हायलीस? माळ्यावरची पुस्तकं काड. उंदरं लागतील.”

मी त्यांच्या पाया पडले का, गळ्यात पडले का, काय केलं ते सांगता येणार नाही. पण त्या दिवशी आमच्या अंगणात जो आनंद होता तो मी पुन्हा एकदाच अनुभवला, लढाई संपून माझे यजमान घरी आले त्या दिवशी.

पुढल्या वर्षी परीक्षा भलत्याच तिथीला होती, अवसेचा संबंध नव्हता. तरीही मामंजींनी सगळं घर तीन दिवस आधी इस्लामपुरात नेलं. यजमानही तोवर परतले होते, म्हणून आम्ही पाच माणसं आणि म्हैस. मागं तिची धार कोण काढणार? धर्मशाळेत आमचा तळ पाहून एका म्हातारीनं आत्याबाईंना विचारलं, तुमच्याकडं एवढा दुष्काळ पडलाय का म्हणून. परीक्षेच्या दिवशी शिपायानं शाळेचं कुलूप काढलं तेव्हा आम्ही सगळे पायरीवर बसलेलो होतो. नऊच्या नऊ गणितं झाली.

पुढं मला खटावकडल्या एका कोरडवाहू गावात मुलींच्या शाळेवर नेमणूक मिळाली. मामंजी मला पोचवायला आले होते. वर्गात मागच्या भिंतीला टेकून पहिला तास त्यांनी उभ्यानं ऐकला, आणि मुलींनी वळून पाहिलं की मिशीला ताव देत. त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. आता पाडवा येतो आणि जातो. मला कुणी रांगेत उभं करत नाही, वर्षाचं काय केलंस म्हणून विचारत नाही. त्यांची आठवण येते, फार येते.

शाळेची घंटा झाली की मुली धावत येतात, आणि एखादी उशिरा येऊन दारात घुटमळते. घाम आलेला असतो, पाटी छातीशी धरलेली असते. माझ्याबरोबरच्या बाई म्हणतात, तुम्ही यांना शिस्त लावत नाही. नसेन लावत. पण उशीर झालेल्या मुलीला मी आजवर एकदाही कारण विचारलेलं नाही. तिला कुणी, केवढ्या मायेनं, वाटेत बसवून ठेवलं असेल, सांगता येत नाही.